परदेशस्थांची भारतातील स्थावर मालमत्ता खरेदी

परदेशस्थांची भारतातील स्थावर मालमत्ता खरेदी म्हणजे भारताबाहेर वास्तव्य असणाऱ्या किंवा परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीने भारतातील घर, भूखंड, गाळा अथवा जमीन विकत घेणे, वारशाने मिळवणे किंवा विकणे. हा व्यवहार तीन प्रकारच्या कायद्यांनी बांधलेला असतो. परकीय चलनाचा केंद्रीय कायदा, आयकर कायदा आणि त्या त्या राज्याचे जमीन महसूल, कुळवहिवाट व मुद्रांक कायदे हे ते तीन प्रकार होत. खरेदीखतातील किंमत हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. व्यवहार सदोष निघाल्यास दंड, मालमत्तेची जप्ती किंवा वर्षानुवर्षांचा दावा पदरी पडू शकतो.

या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यातील स्थितीचा विचार केला आहे. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड येथून शिक्षणासाठी बाहेर पडून अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत स्थिरावलेल्या कुटुंबांचा गावाकडील शेतीशी संबंध सहसा तुटत नाही. कायद्याशी त्यांची गाठ पडते ती बहुधा याच शेतीमुळे.

परकीय कोणास म्हणावे

सामान्य बोलण्यात ‘परकीय’ म्हणजे दुसऱ्या देशाचा नागरिक. विदेशी चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ (फेमा) मात्र नागरिकत्वाइतकेच महत्त्व वास्तव्याला देतो. हा अधिनियम १ जून २००० रोजी अंमलात आला. त्यानुसार मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात राहिलेली व्यक्ती सर्वसाधारणपणे निवासी ठरते. परंतु नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित मुदतीच्या मुक्कामासाठी देश सोडणारा भारतीय नागरिक बाहेर पडताच अनिवासी होतो. त्याचे पारपत्र भारतीयच राहते आणि मतदार यादीत नावही असू शकते, तरीही मालमत्तेच्या व्यवहारापुरता तो अनिवासी भारतीय असतो.

दुसरा वर्ग परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. अशा मूळ भारतीयांना जे कार्ड मिळते त्याला व्यवहारात ओसीआय म्हणतात. नावात ‘नागरिकत्व’ हा शब्द असल्यामुळे हे दुहेरी नागरिकत्व आहे असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. या कार्डाने व्हिसाशिवाय ये-जा आणि काही आर्थिक बाबतींत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीचे हक्क मिळतात, मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही. शेतजमीन विकत घेण्याचा हक्कही मिळत नाही.

तिसरा वर्ग भारताशी वंशसंबंध नसलेल्या परदेशी व्यक्तींचा. ते भारताबाहेर राहत असतील तर त्यांना येथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही, मात्र पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने घेता येते. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी पतीस वा पत्नीस जोडीदारासह संयुक्त नावाने एक मालमत्ता घेण्याची मुभा आहे. त्यासाठी विवाह नोंदणीकृत असावा आणि त्याला सलग दोन वर्षे झालेली असावीत. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान, हाँगकाँग, मकाव आणि उत्तर कोरिया येथील नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीची अट आहे. ओसीआय कार्डधारकांस ती लागू होत नाही.

पर्यटन व्हिसावर येऊन काही महिने राहिल्याने कोणी निवासी ठरत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरील गावांत परदेशी व्यक्तींनी केलेल्या खरेद्यांची अंमलबजावणी संचालनालयाने चौकशी केली, त्यामागे हाच प्रश्न होता. दस्त नोंदला गेला म्हणजे खरेदी कायदेशीर झाली, असा तेथील अनेक खरेदीदारांचा समज होता. वस्तुतः दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो, खरेदीदाराच्या पात्रतेची हमी देत नाही. फेमाच्या कलम १३ नुसार उल्लंघनाची रक्कम मोजता येत असल्यास तिच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि मालमत्ताही जप्त होऊ शकते.

शेतजमिनीवरील बंदी

सध्या या व्यवहारांना विदेशी चलन व्यवस्थापन (बिगर-कर्ज साधने) नियम, २०१९ लागू आहेत. अनिवासी भारतीय व ओसीआय कार्डधारक यांना निवासी आणि व्यापारी मालमत्ता हव्या तितक्या घेता येतात. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. किंमत बँकेमार्फत परदेशातून आलेल्या रकमेतून किंवा भारतातील अनिवासी खात्यातून द्यावी लागते. रोख परकीय चलन किंवा प्रवासी धनादेश चालत नाहीत.

शेतजमिनीच्या बाबतीत विकत घेणे, बक्षीस घेणे, वारशाने मिळवणे आणि पूर्वीपासून धारण करणे या चार गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. हा भेद लक्षात न घेतल्याने अनेक कुटुंबे अडचणीत येतात. परदेशी जाण्यापूर्वी स्वतःच्या नावे असलेली शेती अनिवासी झाल्यावरही ठेवता येते. फेमाच्या कलम ६(५) मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने शेती मिळाली तर तीही वैध. पण तीच शेती वडिलांनी हयातीत बक्षीसपत्राने अनिवासी मुलाच्या नावे केली तर ते नियमबाह्य ठरते. वाटणीचे वाद टाळावेत म्हणून वृद्ध आईवडील हयातीतच बक्षीसपत्र करतात आणि सद्हेतूने केलेला हा दस्तच पुढे मुलाच्या अंगाशी येतो. मृत्युपत्राने तोच हेतू बिनधोक साधला असता. भावंडांनी शेतीतील हिस्सा अनिवासी भावाच्या नावे सोडून देण्याचे हक्कसोडपत्रही बक्षिसासारखे मानले जाण्याचा धोका असल्याने ते जाणकार वकिलास दाखवल्याशिवाय करू नये.

विक्रीलाही मर्यादा आहे. अनिवासी व्यक्तीला आपली शेती भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, अमेरिकेतील चुलतभावाला विकता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. विदर्भासाठी ही अट कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८ च्या कलम ८९ मध्ये आहे. बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे परदेशस्थ व्यक्तीपुढे केंद्राच्या कायद्याचे एक आणि राज्याच्या कायद्याचे दुसरे असे दोन अडसर असतात. कायमचा परतून निवासी झालेला भारतीय नागरिक पहिला अडसर ओलांडतो, पण शेतकरी असल्याचा पुरावा त्यालाही द्यावाच लागतो. वडिलोपार्जित सातबाऱ्यावरील आपले नाव टिकवून ठेवणे त्यासाठी हिताचे असते.

पूर्वपीठिका

स्वातंत्र्यपूर्व काळात यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात मोडत असे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला. सार्वभौमत्व नावापुरते निजामाचेच होते. पूर्वी ‘वणी’ या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ पासून यवतमाळ झाला. पुढे मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र, अशी त्याची राजकीय स्थित्यंतरे झाली. त्यामुळे जुन्या दप्तरात एकाच जमिनीच्या नोंदी वेगवेगळ्या कायद्यांच्या परिभाषेत सापडतात आणि शोध घेणाऱ्या वकिलाला तिन्ही राजवटींची भाषा समजावी लागते.

परकीयांच्या मालमत्तेवर देशव्यापी कडक नियंत्रण आणले ते विदेशी चलन नियमन अधिनियम, १९७३ (फेरा) या कायद्याने. त्याच्या कलम ३१ नुसार भारताचे नागरिक नसलेल्या व्यक्तीस येथील स्थावर मालमत्ता घेण्यास किंवा विक्री, बक्षीस, गहाण यांद्वारे हस्तांतरित करण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. आशा जॉन दिविनाथन विरुद्ध विक्रम मल्होत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेला निर्णय याच कलमावर आहे. बंगळूरमधील एका परदेशी विधवेने १९७७ साली परवानगीशिवाय आपल्या मालमत्तेचा काही भाग बक्षीस दिला होता. असा व्यवहार न्यायालयामार्फत बजावता येणार नाही, असा निर्वाळा चाळीसहून अधिक वर्षांनंतर मिळाला. पूर्वीचा मालक परदेशी नागरिक असल्यास त्याने त्या काळी परवानगी घेतली होती का, हे पाहणे या निर्णयामुळे आवश्यक ठरले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील जमिनीचे विशेष प्रकार

सातबाऱ्यावर विक्रेत्याचे नाव आहे एवढ्यावरून जमीन विक्रीयोग्य ठरत नाही. भोगवटादार वर्ग-१ ची जमीन मालक सहसा मुक्तपणे विकू शकतो. वर्ग-२ च्या जमिनीसाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा लागतो. सीलिंग कायद्याने वाटप झालेली जमीन, पुनर्वसनात मिळालेली जमीन आणि शासनाने भूमिहीनांना दिलेली जमीन या वर्गात येतात. भूदान चळवळीत वाटलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर स्वतंत्र निर्बंध आहेत. सिंचन प्रकल्पाच्या क्षेत्रातील गटांवर ‘इतर हक्क’ या रकान्यात निर्बंधाची नोंद आढळू शकते. हा रकाना वाचल्याशिवाय इसार देऊ नये.

आदिवासी खातेदाराच्या जमिनीचा प्रश्न या जिल्ह्यात सर्वांत नाजूक आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. केळापूर, मारेगाव, राळेगाव आणि घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल अशा मार्गांनी जाण्यास जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्या मंजुरीला राज्य शासनाची पूर्वमान्यता आवश्यक असते. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा वा गहाण यांना जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी पुरते. हे कलम केवळ अनुसूचित क्षेत्रापुरते नसून राज्यभर लागू आहे. याखेरीज १९७४ च्या कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ खातेदारांना परत देण्याची तरतूद झाली. म्हणून खातेफोडीच्या साखळीत कोठेही आदिवासी खातेदाराचे नाव आले, तर ते हस्तांतरण कोणत्या तारखेचे व कोणाच्या परवानगीने झाले हे जुन्या फेरफारातून तपासावे लागते. ही तरतूद खरेदीदाराला जाचक वाटू शकते. परंतु उधारीच्या चिठ्ठीवर अंगठा घेऊन शेते गिळंकृत करण्याच्या प्रथेतून ती जन्मली आहे, हे विसरता येत नाही.

ई-क्लास जमिनीचा फसवा व्यवहार हा वऱ्हाडातील आणखी एक धोका. ई-क्लास म्हणजे गुरेचरणासाठी राखलेली शासकीय जमीन. तिच्यावरील अतिक्रमण नोटरीसमोरच्या कागदावर ‘विकले’ जाते. असा कागद मालकी देत नाही, पैसे घेतल्याचा पुरावा मात्र ठरतो. शहरी भागात नझूल भूखंडांचा प्रश्न असतो. ही जमीन शासनाची असून ती पट्ट्याने दिलेली असते. घर विकणारा प्रत्यक्षात घराचे बांधकाम आणि पट्ट्याचा उरलेला हक्क विकत असतो. अशा भूखंडाची आखीव पत्रिका, पट्ट्याची मुदत आणि शर्तभंगाची नोंद पाहणे आवश्यक आहे.

शहराच्या कडेने शेतात पाडलेले ले-आऊट हा परदेशस्थांच्या विशेष आवडीचा प्रकार, कारण भूखंड स्वस्त असतो आणि छायाचित्रात रस्ते, विजेचे खांब, प्रवेशद्वार सर्व दिसते. मूळ गट अकृषक झालेला नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ती शेतीच राहते आणि परदेशस्थ खरेदीदार नकळत फेमाचे उल्लंघन करतो. स्थानिक खरेदीदाराला याच चुकीबद्दल महसूल खात्याकडे दंड भरून सुटता येईल, परदेशस्थाला तेवढ्याने सुटता येत नाही. अकृषक आदेश, मंजूर रेखांकन आणि प्रकल्प नोंदणीस पात्र असल्यास महारेराचा क्रमांक या तीन गोष्टी भूखंड पाहण्यापूर्वी मागाव्यात. महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू आहे.

किमतीबाहेरचा खर्च

मुद्रांक शुल्क हा सर्वांत मोठा ठळक खर्च. ते करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. दर ठिकाणानुसार बदलतो. मुंबईत तो अधिभारासह ६ टक्के, तर पुणे व नागपूर येथे ७ टक्के पडतो. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का असून त्याची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या सदनिकेवर १ टक्का वस्तू व सेवा कर लागतो. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या सदनिकेवर तो नाही. यांत शोध अहवाल, वकिलाचे शुल्क, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि दलालाची दलाली हेही मिळवावे लागते. परदेशस्थांनी मोजणीचा खर्च वाचवू नये. धुऱ्याची जागा कागदावर एक आणि शेतात दुसरी असणे हे वऱ्हाडात नवलाचे नाही.

विक्रेता अनिवासी असेल तर आयकराचा प्रश्न खरेदीदारावर येतो आणि बहुतेक स्थानिक खरेदीदारांना त्याची कल्पना नसते. निवासी विक्रेत्याकडून ५० लाख रुपयांपेक्षा कमी किमतीचे घर घेताना कर कापावा लागत नाही, त्याहून जास्त किमतीस एक टक्का कापावा लागतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत किमतीची अशी किमान मर्यादाच नाही. दोन वर्षांहून अधिक काळ धारण केलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे. महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के कर भरण्याचा पर्याय जुन्या मालमत्तांसाठी निवासी व्यक्तींना ठेवला आहे, अनिवासींना नाही. आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नाही तर खबरदारी म्हणून संपूर्ण किमतीवर कपात केली जाते. उदाहरणार्थ, ४० लाख रुपयांचे घर निवासी मालकाकडून घेताना कपात शून्य. तेच घर अनिवासी मालकाकडून घेतल्यास उपकर धरून १३ टक्के, म्हणजे ५ लाख २० हजार रुपये कापावे लागतात. कपात न केल्यास ती रक्कम व्याजासह खरेदीदाराकडून वसूल होते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने जुन्या माहितीपत्रकांतील कलमांचे क्रमांक आता जुळत नाहीत.

खेड्यातील शेतजमिनीला मात्र दिलासा आहे. नगरपालिका हद्दीपासून ठरावीक हवाई अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. शहराची लोकसंख्या १० हजारांपेक्षा जास्त व १ लाखापर्यंत असल्यास हे अंतर २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असल्यास ६ किलोमीटर आणि त्याहून अधिक असल्यास ८ किलोमीटर धरतात. यवतमाळ शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक लाखावर गेली असल्याने त्याच्या भोवती ६ किलोमीटरचा पट्टा विचारात घ्यावा लागतो.

विक्रीचे पैसे अनिवासी सामान्य खात्यात जमा होतात. तेथून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. त्यासाठी कर भरल्याचा पुरावा आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र बँक मागते.

मुखत्यारपत्र आणि ताबा

परदेशस्थ व्यक्ती प्रत्येक वेळी दुय्यम निबंधकासमोर उभी राहू शकत नाही. म्हणून भाऊ, मेहुणा किंवा मित्राला मुखत्यारपत्र दिले जाते. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीसमोर साक्षांकित करावे लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे सदस्य देशांतील कागदांसाठी ती पद्धत चालते. महाराष्ट्रात असा कागद राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पाकीट कपाटात पडून राहते आणि मुदत उलटते, असे पुष्कळदा घडते.

मुखत्यारपत्र एका विशिष्ट गटाच्या विशिष्ट कामापुरते असावे. ‘सर्व अधिकार’ देणारा कागद ही सोय नसून जोखीम आहे. मुखत्याराने केलेल्या विक्रीचा मोबदला मालकाच्या खात्यातच जमा व्हावा, ही अट कागदात लिहिता येते. सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले की केवळ मुखत्यारपत्र व करार यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

मालकी टिकवण्यासाठी ताबाही सांभाळावा लागतो. शेत बटईने किंवा मक्त्याने दिले तर दर हंगामाला लेखी कागद असावा. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ नुसार दुसऱ्याने मालकाच्या हक्काला नाकारून सलग बारा वर्षे ताबा ठेवला, तर मालकाचा ताब्याचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. वहिवाटीचा पुरावा म्हणून पीकपाहणीची नोंद पुढे येते. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची व्यवस्था आहे, आणि जो शेतात उभा आहे तोच ती करतो. सातबारा, आठ-अ आणि फेरफार महाभूलेखच्या संकेतस्थळावरून परदेशात बसूनही पाहता येतात. वर्षातून दोनदा ते पाहण्याने अनेक तंटे आरंभीच लक्षात येतात.

भारतीयांनी परदेशात घर घेणे

उलट दिशेच्या व्यवहारातही असेच छुपे खर्च असतात. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली दरवर्षी अडीच लाख अमेरिकी डॉलर बाहेर पाठवता येतात. घरखरेदीसाठी वर्षात १० लाख रुपयांपलीकडे पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. दुबईत नोंदणीसाठी भूमी विभाग ४ टक्के शुल्क आकारतो. इंग्लंडमध्ये अनिवासी खरेदीदारास १ एप्रिल २०२१ पासून २ टक्के जादा मुद्रांक कर आहे. सिंगापूरने परदेशी खरेदीदारावरील अतिरिक्त शुल्क २७ एप्रिल २०२३ पासून ६० टक्क्यांवर नेले. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीवर तात्पुरती बंदी घातली आणि पुढे तिची मुदत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षे परदेशी व्यक्तींना जुनी घरे घेण्यास मनाई केली आहे. परदेशातील घर भारतीय विवरणपत्रात न दाखवल्यास काळा पैसा अधिनियम, २०१५ अन्वये १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. घरातून काही उत्पन्न मिळत नसले तरी ते दाखवावेच लागते.